डोळ्यातलं लाल झाड

नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोटो काढणाऱ्या बाई मुलांशी अगदी संथ बोलत, आणि कॅमेऱ्याला डोळा लावला की श्वास रोखून धरत. देवळाली प्रवऱ्याहून मी माझ्या हौसाला तिथे नेत असे. तिचा एक डोळा आळशी होता, त्याला कमी दिसायचं. आतल्या रक्तवाहिन्या ठीक आहेत का, हे डॉक्टरांना फोटोत पाहायचं होतं. पण त्याआधी बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागत, आणि त्यांची बाटली दिसली की हौसा किंचाळायची.

एके दिवशी बाईंनी ते थेंब स्वतःच्याच एका डोळ्यात घातले. बाहुली मोठी झाल्यावर त्या कॅमेऱ्यापुढे हनुवटी टेकवून बसल्या. डॉक्टरांनी कॅमेरा जुळवला आणि त्यातून बघायला मी हौसाला उचलून धरलं.

“आई, बाईंच्या डोळ्यात लाल झाड हाय!”

“तुझ्याबी डोळ्यात हाय,” बाई म्हणाल्या. “काढू फोटो?”

हौसाने मुकाट थेंब घालून घेतले. फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, “आत सगळं ठीक आहे. चांगला डोळा झाकून या आळशाला कामाला लावू.”

आम्ही निघताना दारापर्यंत आलेल्या बाईंना थेंबांमुळे उजेड सोसत नव्हता.

“आता सांजपर्यंत कसं करायचं तुमी?” मी विचारलं.

“दुसरा डोळा हाय की,” म्हणत त्यांनी पुढच्या रडणाऱ्या पोरीला कडेवर घेतलं.