काळविटाला पुढं जाऊ द्यायचं

रंगनाथ नानांच्या जीपचा डावा दिवा उजव्यापेक्षा मोठा आहे. नवा माणूस त्याबद्दल विचारतोच, आणि नानांना तेवढंच निमित्त पुरतं. जीप घेतली त्या साली कर्जतच्या माळावर एक काळवीट गाडीच्या बरोबरीनं पळायला लागलं. नानांच्या अंगात तेव्हा रग होती, त्यांनीही गाडी दामटली. काळवीट ईर्षेला पेटलं, पुढं निघालं आणि बॉनेटवरून उडी मारून पल्याड गेलं. जाता जाता खुराचा असा तडाखा दिला की दिव्याचा पार भुगा. त्या मापाचा दुसरा मिळेना, म्हणून ट्रॅक्टरचा बसवला, तो आजतागायत आहे.

"हरणाची जातच तसली," नाना सांगतात. "गाडी गेल्यावर मागनं निवांत जाईल, तर न्हाई. पळत म्होरं यायचं आन् आपल्या तोंडासमोरनंच आडवं जायाचं. आपुन वाढवली की त्ये बी वाढवतंय. म्हून आपुन हरायचं. पाय काढून घ्यायचा, त्याला जाऊ द्यायचं, मग आपुन."

तेव्हापासून नाना त्या माळावर हरतच आले. एकाही हरणाला त्यांच्या गाडीचा धक्का लागला नाही. गाडी मंदावली की मागच्या सीटवरून बाजाराला निघालेलं कुणीतरी पॅशिंजर ओरडायचं, "नाना हरलं!" आणि नाना शर्टाची कॉलर ताठ करायचे.

मग डोळ्यांत मोतीबिंदू आला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलं, आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची बंदच केली. चाकणला कंपनीत असलेला मुलगा कल्याण फोनवर म्हणाला, "नाना, विकून टाकू गाडी." त्या दिवशी नाना जेवले नाहीत. भाकरी थापता थापता सून सुकन्या म्हणाली, "मामा, मी चालवते की." तिचं माहेर श्रीगोंद्याकडचं. लग्नाआधी तिनं ट्रॅक्टरवर उसाच्या ट्रॉल्या ओढल्या होत्या. तिनं रीतसर लायसनही काढलं. कल्याणनं एकच अट घातली : दिवाळीपर्यंत बघू. पॅशिंजर बसले तर ठेवू, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे.

पॅशिंजर म्हणजे वस्तीवरची पुष्पावती आक्का. ती बाजारात भाजी विकते. तिची पाटी ज्या गाडीत चढेल त्या गाडीत अख्खी वस्ती चढणार. बाजाराला उतरली की ती कोथिंबिरीची एक जुडी ड्रायव्हरच्या हातात द्यायची. ती दिल्याशिवाय धंद्याला बसायची नाही.

बाजारच्या दिवशी सकाळी तिनं नानांना पलीकडच्या सीटवर बघितलं आणि पाटी खालीच ठेवली.

"रंगनाथा, सीट चुकली का रं?"

"आक्का, आजपासनं सुकन्या."

"अगं बया! म्हंजी आमी आता नवस बोलून बसायचं व्हय?"

"बोला की आत्या," सुकन्या म्हणाली. "पर बसून बोला. वांगी सुकाय लागलीत."

मागचे हसले. आक्का चढली खरी, पण चढता चढता ऐकवलंच, "कोथमीर उतरल्यावर. कुनाला द्यायची त्ये माझं मी ठरविन."

वाटेत तोंड उघडणार नाही, असा शब्द नानांनी सुनेला दिला होता. वस्ती मागं पडली, माळ लागला. नाना मांड्यांवर हात ठेवून बसले. जरा वेळानं मागं कुजबुज सुरू झाली, "आलं बघ, आलं." नानांना डावीकडं नुसतं धुकं दिसत होतं, पण काय आलं ते न सांगता समजलं. त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला. पायाखाली नुसता पत्रा.

तोवर इंजिनाचा आवाज उतरला. सुकन्यानं ब्रेक करकचून मारला नाही, नुसता पाय काढत आणला. जीप रस्त्याच्या मधोमध आणून उभी केली आणि खिडकीतून हात बाहेर काढला. मागं एक पांढरी कार हॉर्नवर हॉर्न मारत होती. सुकन्याचा हात हलला नाही. काळवीट समोरून उडालं तेव्हा काळं काहीतरी हललेलं नानांनाही दिसलं. त्याच्यामागं माद्यांची टापटाप ऐकू आली. मग टापाही थांबल्या.

नानांना राहवलं नाही. "गेली समदी. चल आता, घाल गेर."

"थांबा मामा. एक राह्यलंय."

"कुटं?"

"त्या बोराटीत. पिल्लू हाय."

कारवाला आता खाली उतरून बडबडत होता. आक्कानं मागून मान बाहेर काढली. "गप उभा ऱ्हा की रं बाबा! तुझ्या घरात लेकरंबाळं न्हाईत व्हय?" तेवढ्यात बोराटी खसफसली आणि काटकुळे पाय तडातडा डांबरावरून पलीकडं गेले. नानांना काहीच दिसलं नाही. आपण गाडी चालवत असतो तर निघालो असतो, एवढं मात्र त्यांना स्वच्छ दिसलं. ते सीटला टेकून बसले. कर्जत येईपर्यंत त्यांचा पाय पुन्हा ब्रेक शोधायला गेला नाही.

बाजारात आक्का उतरली. पाटीतून एक जुडी काढली, दोनदा झटकली. सवयीनं नानांचा हात पुढं झाला.

"तुला कशापायी? तू पॅशिंजर," आक्का म्हणाली, आणि जुडी त्यांच्या नाकासमोरून पलीकडं, सुकन्याच्या हातात गेली. "घे गं. चटणी कर. सासऱ्याला दे थोडी, उगं रुसून बसंल."

नाना एवढे हसले की शेजारचा केळीवाला बघायला लागला.

परतीला नाना आपणहून मागं जाऊन बसले. पुढच्या सीटवर आक्का होती, मांडीवर रिकामी पाटी. तिची जीभ माळ लागेपर्यंत थांबली नाही, आणि सुकन्या नुसती "व्हय आत्या, व्हय आत्या" करत होती. मग एकाएकी आक्का गप्प झाली आणि गाडी मंदावली. उजवीकडून की डावीकडून, किती होती, काळं होतं का, नानांना काही कळलं नाही. कुणी तोंड उघडायच्या आत तेच मागून मोठ्यानं ओरडले,

"सुकन्या हरली!"