फोनवर न सांगितलेली फुलं

नवऱ्याला मी तोंडावर ‘अहो’च म्हणते, पण इथे ‘तो’ लिहिणार आहे. सव्वीस वर्षं जो माणूस वर्षातले दहा महिने घरात नव्हता, त्याच्याशी कागदावर तरी थोडी सलगी करायचा हक्क मला आहे.

तो ‘बाहेर’ होता. महाडच्या आमच्या मोहल्ल्यात ‘बाहेर’ म्हणजे आखात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सौदीत वाळवंटातून रस्ते बांधायचं काम चालायचं, तिथल्या कामगारांच्या छावण्यांना टँकरने पाणी पोचवायचं ही त्याची नोकरी. सुट्टी मिळायची ती एप्रिल-मे महिन्यात. लग्नं, आंबे, नातेवाइकांकडची जेवणं, आणि पहिला ढग दिसायच्या आत परत विमान. म्हणजे सव्वीस वर्षांत ह्या कोकणी माणसाने कोकणातला पावसाळा एकदाही बघितला नव्हता. त्याला रहिवासी असल्याचा दाखला कसा मिळाला, अल्ला जाणे.

यंदा फेब्रुवारीत तो कायमचा घरी आला. पहिला महिना ईद असल्यासारखा गेला. दुसऱ्या महिन्यात त्याने माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मी पोलादपूरला शाळेत शिकवते. तिथून दमून आले की दारातच मला अहवाल मिळायचा, आज नळाखाली किती बादल्या पाणी वाया गेलं त्याचा. पाऊस सुरू झाला आणि त्याचं डोकंच फिरलं. पागोळ्यांखाली त्याने पातेली लावली, बादल्या लावल्या, शेवटी माझा बिर्याणीचा टोपही नेऊन ठेवला. महाडात! जिथे पावसाचा जोर वाढला की पुराच्या धास्तीने माणसं फ्रीज माळ्यावर कसा चढवायचा ह्या चिंतेत असतात, तिथे हा गृहस्थ पाणी साठवत होता. शेजारणी मला विचारायच्या, “भाईंची तब्येत बरी हाय ना गो?”

सप्टेंबरात मुंबईच्या एजंटाचा फोन आला. जुन्या कंपनीला वाळवंटातल्या वाटा माहीत असलेला ड्रायव्हर हवा होता, दोन वर्षांसाठी. वयाच्या अटीत तो जेमतेम बसत होता. रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तो मला म्हणाला, “बघूया.” ह्या ‘बघूया’शी माझी जुनी ओळख आहे. बॅग काढलेली आहे, फक्त तुला सांगायचं बाकी आहे, असा त्याचा अर्थ असतो.

सरळच सांगते, मला त्याला जाऊ द्यायचं नव्हतं. पण तसं तोंडाने न म्हणता मी मास्तरीण डोकं चालवलं. मुलांना धडा कळत नसला की आम्ही सहल काढतो. पोलादपूरच्या वर कुडपणच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या उघड्या कातळपठारावर, ह्या दिवसांत फुलं येतात, शाळेची मुलं घेऊन मी दोनदा जाऊन आले होते. म्हटलं, दाखवू ह्याला आपला मुलुख. बघू दे काय सोडून चाललाय ते.

रविवारी सकाळी निघालो. निघताना त्याने गाडीत वीस लिटरचा पाण्याचा कॅन चढवला आणि वर सहा बाटल्या.

“अहो, कुठे निघालोय आपण?”

“पाण्याबिगर गाडी काढायची नसते,” तो म्हणाला. असं म्हणताना काचेवरचा वायपर फटाफट चालू होता.

पोलादपूर सोडून घाटाला लागलो आणि डोंगराच्या अंगावरून जागोजागी धबधबे कोसळायला लागले. एक तर थेट रस्त्यावरच. आम्ही आमचं पाणी घेऊन त्यांच्यातून चाललो होतो. मी हसू दाबून बसले होते, तेवढ्यात माझं हसू आपोआप गेलं. कुडपणकडे वळल्यावर रस्ता मोकळा मिळाला आणि मोकळा रस्ता दिसताच गाडी आपसूक उजव्या बाजूला गेली. सौदीत उजवीकडून चालवतात. गर्दीत त्याच्या लक्षात राहतं, एकटा पडला की हात जुन्या वळणावर जातात. समोरून एसटी आली. या अल्ला! दोघांनी कचकचून ब्रेक मारले. एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली.

“ओ चाचा! दुबई सुटली नाय काय अजून?”

“सौदी,” आमच्या ह्याने शांतपणे चूक दुरुस्त केली आणि गाडी डावीकडे घेतली. मी त्याला तिथून सड्यापर्यंत जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सड्याशी पोचेपर्यंत पाऊस थांबला होता. हा सडा मे महिन्यात बघावा तर नुसता करपलेला काळा कातळ, चप्पल काढली तर पाय भाजतील असा. आता त्याच कातळावर फुलं होती. उताराला गुलाबी तेरडा, बांधाच्या कडेने पिवळी सोनकी, आणि मधल्या सपाटीवर, जिथे बोटभर माती नाही तिथे, सीतेची आसवं. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी जांभळी फुलं, मोजायची सोय नाही इतकी. मी तिसऱ्यांदा बघत होते तरी पाऊल कुठे टाकावं कळेना.

म्हशी चारणारी एक म्हातारी काठी टेकून आमच्याकडे बघत उभी होती. “काय हरवलाय काय?” तिने विचारलं.

“नाही आजी, फुलं बघायला आलोय. महाडहून.”

“पेट्रोल जाळून?” तिला आमची मनापासून कीव आली. “आमची म्हस खाते ती.” एवढं सांगून ती म्हशीमागे निघून गेली.

तो मात्र कातळावर उकिडवा बसला होता. बराच वेळ तसाच. मग एका फुलाला बोट लावून म्हणाला, “तिकडं पण अशीच असतात. रंग जरा फिका.”

“तिकडे कुठे?”

“वाळूत. थंडीत एखादा पाऊस बरा झाला का फेब्रुवारीत उगवतात. नजर जाईल तिथवर जांभळं. पयल्यांदा दिसली तेव्हा मी टँकर थांबवला नि खाली उतरून बसलो. पाणी उशिरा पोचलं, सुपरवायझरनं आईबापाचा उद्धार केला.”

“कधीची गोष्ट ही?”

“धाकटा तुझ्या पोटात व्हता तेव्हाची.”

माझा धाकटा आता नोकरीला आहे. मला असा संताप आला की विचारू नका. इतकी वर्षं मी ह्या माणसासाठी जीव जाळत होते. वाळू, ऊन आणि पत्र्याची खोली, ह्यापलीकडे तिथे काही नाही असं हा मला सांगत आला. व्हिडिओ कॉल आले तेव्हाही मागे पांढरी भिंत यायची आणि त्या भिंतीसमोर ह्याचा चेहरा. आणि हा फुलं बघत होता!

“आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? तू इथं थोरलीला काखेत मारून माझ्या अम्मीचं आजारपण काढत व्हतीस. आन मी सांगू का, फुलं बघाया टँकर थांबवला म्हणून?” मग तोही उसळला. “आन तू गो? हे सगळं इथं तासाभरावर व्हतं, तू कधी सांगितलंस? फोनवर काय असायचं तुझं? कपडे वाळत नाय. भिंतीला ओल आली. रस्ता वाहून गेला.”

 शाळेची सहल घेऊन इथून परतले त्या दोन्ही दिवशी मी त्याच्याशी फोनवर बोलले होते. दोन्ही वेळा म्हणाले होते, बरं चाललंय, पाऊस फार आहे. बाहेर गेलेल्या माणसाच्या घरात हे कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं. दुःख सांगायचं नाही, तिकडे त्याचा जीव टांगणीला लागेल. आणि सुख तर अजिबातच नाही, त्याला वाटेल माझ्यावाचून मजेत आहेत. मग उरतं काय? हवामान. सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांना हवामान सांगितलं. त्याच्या लेखी कोकण म्हणजे चिखल आणि माझ्या लेखी सौदी म्हणजे रखरखाट. दोन्ही मुलुख आम्ही काळजीपोटी उजाड करून टाकले होते.

मग मी त्याला विचारत गेले आणि तो सांगत गेला. पावसानंतर वाळूला कसा वास येतो, उंट ती फुलं कशी खातात, टँकरच्या टपावर चढलं तर किती लांबवर दिसतं. हातवारे करून सांगत होता. इतका खुललेला तो मला थोरलीच्या लग्नातही दिसला नव्हता. माझी सहल माझ्यावरच उलटली होती. मी त्याला इथलं दाखवायला आणलं होतं, आणि तो तिथलं बघत होता.

परत उतरलो. पोलादपूरच्या अलीकडे फोनला रेंज आली आणि लगेच एजंटाचा फोन वाजला. त्याने गाडी बाजूला घेतली, ह्या वेळी डाव्या. फोन हातात वाजत होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

“काय सांगू?” त्याने विचारलं.

फोन वाजून थांबला. लगेच परत वाजायला लागला. मला खूप काही समजूतदार बोलता आलं असतं. तुमचं मन असेल तसं करा, माझी काळजी करू नका, वगैरे. ते सगळं मला पाठ आहे.

“जाऊ नका,” मी म्हणाले.

 तो सहज, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसा म्हणाला, “पयल्या वेळी सौदीला निघालो तेव्हा म्हणाली असतीस तर पयल्याच वेळी थांबलो असतो.”

ते खरं होतं की नुसतं बोलायचं म्हणून बोलला, मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. त्याने फोन उचलला, “नाय जमत, भाई” एवढंच सांगितलं आणि गाडी सुरू केली. महाड येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. त्याला वाटलं, आनंदाने रडतेय. मी वाटू दिलं.