निकैयाच्या नाण्याखालची पाटी

आमचे हे, रवींद्र, नारपोलीच्या लूमवर तीस वर्षं तागे तपासतायत. कापड समोरून बघत न्हाईत, उजेड बाजूनं घेतात; तुटकी तार मग लपत न्हाय. दहावीला बसलेच नाहीत. वाचायची हौस मात्र दांडगी.

धामणकर नाक्यामागं राहणारे अण्णा म्हणजे ह्यांचे शाळेतले मास्तर. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद. एक काळपट कांस्याचं नाणं त्यांनी वीस वर्षं सिकंदराचं म्हणून मिरवलं, कारण कुणीतरी त्यावर 'अलेक्झांडर' वाचून दिलं होतं. आपल्याकडं अलेक्झांडर म्हटलं की सिकंदरच, दुसरा कोण सुचणार?

गेल्या वर्षी वाचनालयात प्रदर्शन ठरलं. अण्णा ह्यांना म्हणाले, "तुझ्या धागे मोजायच्या भिंगातून बघ जरा. काही नवं सापडलं तर पाटीवर तुझं नाव लावतो."

झालं. त्या एका वाक्यावर हा माणूस तीन महिने खुळावला. सुट्टीच्या दिवशी खिडकीशी बसून नाणं तिरप्या उजेडात फिरवायचे. नाण्याच्या मागं फौजेच्या झेंड्यांसारखी तीन निशाणं, त्यांच्या फटींत आणि खाली झिजलेली अक्षरं. एकेक अक्षर वहीत काढून मोबाइलवरच्या ग्रीक मुळाक्षरांशी जुळवलं. फटींतली नि खालची सलग लावली तेव्हा निकैया निघालं, आजच्या तुर्कस्तानातलं गाव, तेव्हा रोमच्या राज्यातलं. आणि पुढच्या बाजूचा अलेक्झांडर निघाला रोमन बादशहा, सिकंदरानंतर साडेपाचशे वर्षांचा. "डोळे फुटतील," मी ओरडायचे. ऐकतायत कुठं.

प्रदर्शनाला इस्त्रीचा शर्ट घालून गेले. पाटीवर लिहिलं होतं: 'रोमन कांस्य नाणे, निकैया. ओळख पटवणारा: सुयश.' सुयश म्हणजे अण्णांचा पुतण्या. त्यानं फक्त पाटी टाइप केली होती. माझं डोकंच फिरलं.

"अण्णा, ह्यांचं नाव कुठंय?"

"अगं, रवींद्र घरचाच. घरच्या माणसाचं नाव कुणी लावतं का?"

"मग सुयश काय शेजारचा हाय?"

अण्णा चष्मा पुसायला लागले. ह्यांनी माझा हात ओढला, "ऱ्हाऊ दे, मंदा."

तेवढ्यात कॉलेजच्या एक बाई आल्या. "ही अक्षरं कशी वाचली, दाखवाल का?" सुयशनं नाण्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. अण्णांनी सहज हाक मारली, "रवींद्र, सांग रे ह्यांना."

हे काचेवर वाकले. ती अक्षरं तीन महिने ऐकून मलाही पाठ झाली होती.

"मला न्हाय वाचता येत," हे म्हणाले. "ज्याचं नाव आहे त्याला विचारा."

आणि बाहेर पडले. पाटीवर ह्यांचं नाव अण्णांनी लावलं न्हाय ते सोडा, पण ह्यांनी वाचलेलं ह्यांनाच स्वतःच्या तोंडानं नाकारायला लावलं, ते मी त्यांना कधी माफ करणार न्हाय.