जोड्यांचं टोकन

बाबा भोपाळच्या सरकारी कारखान्यात फिटर होते आणि आम्ही जवळच सोनागिरीत राहायचो. एका रविवारी आईने हट्टच धरला. राजधानीसाठी आखून वसवलेल्या नव्या भोपाळातली देवळं, मशिदी, गुरुद्वारे आतून कसे असतात, ते तिला बघायचं होतं.

गुरुद्वाऱ्यात जोडे ठेवले की पितळी टोकन मिळायचं. कारखान्यात शिरताना टोकन दारातल्या पेटीत टाकायचा नियम होता. बाबांनी सवयीने हेही टोकन समोरच्या दानपेटीत टाकलं.

निघताना त्यांनी जोडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सरदारजींना ओशाळून सांगितलं, टोकन चुकून पेटीत पडलं. कारखान्याचं नावही काढलं नाही.

सरदारजींनी जोडे पुढे केले आणि विचारलं, "कारखाने में कौन से ब्लॉक में हो?"