सोवळ्यातलं पदार्थविज्ञान

आमचे प्रोफेसर प्रयोगशाळेत पाऊल टाकत नसत. दाराशी उभे राहायचे, धोतराचा सोगा सावरायचे आणि आतल्या बाटल्या, भिंगं, माझे डागाळलेले हात बघून म्हणायचे, "चालू द्या तुमचं ओवळं!" मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे पगारी ओवळा. सिद्धांत सोवळ्यात आणि प्रयोग ओवळ्यात, अशी त्यांनी अख्ख्या विश्वाची वाटणी करून टाकली होती. आम्ही मागून त्यांना 'सोवळेसर' म्हणायचो. हे त्यांच्या कानावर गेलं, तर स्वारी उलट खूश!

मूळचे वाईचे. मुंबईला पहिल्या वर्गात पास झाले, विलायतेला पाठवायला एक दानशूर गृहस्थ तयार होते, तर यांनी नकार दिला. का? "तिकडे फार मोजत बसतात." मग सांगलीच्या आमच्या कॉलेजात आले आणि इथेच मुरले. एकदा हिवतापाने फणफणले असताना डॉक्टरांनी थर्मामीटर काढला. सर म्हणाले, "तोंडात घाला हवं तर, पण आकडा मला सांगू नका. माझा हिशेब चाललाय."

संशोधनाचा विषय एकच: स्फटिकातून उष्णता कशी वाहते. त्यावर दुसऱ्या कुणी काय लिहिलंय ते तरी वाचावं? छे! "दुसऱ्याचं वाचलं की डोकं उष्टं होतं." महायुद्धात परदेशी नियतकालिकं यायची बंद झाली. आम्ही हळहळलो, यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "युद्ध संपलं की जगाला दोन बातम्या कळतील," ते ऐटीत सांगत, "आणि त्यातली मोठी सांगलीहून निघेल."

हसायचो आम्ही. पण रिकाम्या वर्गात फळेच्या फळे भरून काढणारा तो माणूस पाहिला की आम्ही चपला न वाजवता पुढे सरकायचो, खोटं कशाला बोलू? सगळी उमेद त्या एका उत्तरावर लावून बसले होते. एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, कपाटात एक चांगला स्फटिक पडून आहे. तापवून बघू का?" कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. ती मुठीत घट्ट धरून ते कडाडले, "खबरदार! उत्तर आधी बघायचं म्हणजे कॉपी!"

युद्ध संपलं आणि कुठे कुठे अडकलेले अंक गठ्ठ्यांनी येऊन पडले. मी सुतळी कापून चाळायला लागलो, आणि एका जुन्या अंकात सरांचा प्रश्न दिसला, उत्तरासकट. दोघा परदेशी माणसांनी थोडक्या पानांत उरकून टाकला होता. आधी त्यांनी स्फटिक तापवून पाहिला, उष्णता कुठे अडते ते दिसलं, आणि पुढचं गणित आपोआप उलगडलं. असा संताप आला मला! आमचाही स्फटिक होता की, कुलपात!

तसाच अंक घेऊन त्यांच्या घरी गेलो. चांगलं सुनवायचंच, असं ठरवून. सर नुकतीच पूजा आटोपून सोवळ्यात बसले होते. मी अंक लांबूनच जमिनीवर उघडा ठेवला. त्यांनी वाकून पाहिलं, आणि सोवळंबिवळं विसरून तो उचलला. एकदा वाचला. परत वाचला. "बरोबर आहे," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "सुंदर आहे हो." सुनवायचं ठरवलेलं सगळं मी तसंच परत घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात तेच शिकवलं. फळ्यावर सगळ्यात वर त्या दोघांची नावं ठळक लिहिली, आणि मग अशी काही एकेक पायरी उलगडत नेली, की मागच्या बाकावरचे टवाळसुद्धा वह्या उघडून उतरवून घ्यायला लागले. मी दारात उभा होतो. त्यांना इतकं छान शिकवताना मी कधी पाहिलं नव्हतं. तास संपता संपता कोरेगावकडचा एक दांडगा विद्यार्थी उठला.

"सर, लय झ्याक! ह्ये तुमीच काढलं व्हय?"

सरांनी हातावरचा खडू झटकला.

"नाही," ते म्हणाले. "मी काढत होतो."