पांडवलेणीची दुसरी फेरी

फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा मी तो कट केला. स्क्रीनवर अरविंदचं नाव होतं. रविवारची सकाळ, हा पांडवलेणीच्या पायथ्याशी उभा राहून माझ्या नावानं बोटं मोडत असणार, असं मला वाटलं. तिसऱ्यांदा उचलला तर आवाज परका. "साहेब, मी लेण्यांवरचा वॉचमन. हे काका पायऱ्यांवर पडलेत, उठत नाय. शेवटचा नंबर तुमचाच हाय." इंदिरानगरहून अंतर ते किती... पण मी पोचलो तोवर अरविंद गेला होता.

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यानं कॅमेरा घेतला आणि दर रविवारी तीच टेकडी धरली. सोबतीला मी. "त्याच त्या लेण्यांत नवीन काय सापडतं रे तुला?" मी एकदा विचारलं. "तू रोज बायकोकडे बघतोस ना? काल तिनं कुठली साडी नेसली होती, सांग." मग तो फोटो दाखवायचा. भिक्षूंच्या दगडी बाकावर हातभर सरकलेलं ऊन, टाक्यातल्या पाण्यात स्वतःकडे बघणारं माकड. त्याच वाटेनं मीही गेलेलो असायचो आणि मला काही म्हणजे काही दिसलेलं नसायचं. त्याचा नियम होता, पहिली फेरी रिकाम्या हातानं. आधी नुसतं बघायचं, खाली यायचं, मग कॅमेरा घेऊन पुन्हा चढायचं.

बायपासनंतर डॉक्टरांनी दोनदा चढायला बंदी केली. त्यावर आम्ही तोड काढली. तो हळूहळू वर जाऊन, बघून तिथेच बसायचा आणि तासाभरानं मी पायथ्याशी ठेवलेला कॅमेरा वर न्यायचो. नियम सोडायला तो तयारच नव्हता. मी वैतागलो होतो. आदल्या दिवशी त्याला म्हणालोही, "मला कंटाळा आलाय त्या पायऱ्यांचा." तो हसला, "मग उद्या बघू," म्हणाला.

वॉचमननं सांगितलं, "काका एकदा वर जाऊन खाली आले. लय वेळ रस्त्याकडं बघत बसले. मग कॅमेऱ्याची पिशवी घेऊन परत चढले."

तेराव्याला त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, कॅमेरा माझ्या हातात दिला. "शेवटी तुम्ही जवळ होतात, एवढंच समाधान," त्या म्हणाल्या. "निघताना सांगून गेले होते, सुधीर पायथ्याशी पोचलाय म्हणून. नाहीतर मी सोडलंच नसतं." मी मान खाली घालून चहा प्यायलो. माझी मला किळस आली.

कॅमेऱ्यात त्या सकाळचा एकच फोटो आहे. वरून घेतलेल्या पायऱ्या, पार खालपर्यंत मोकळ्या. असा फोटो त्यानं आधी कधीच काढला नव्हता.

वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे छापून येईल, ती वहिनींकडे येते. वहिनी, मी पायथ्याशी नव्हतो. मी घरी होतो, आणि जागा होतो.