केळीच्या चिकाचा डाग

मी संशयी बाई आहे आणि याची मला लाज वाटत नाही. जळगावच्या शाळेत शिकवताना निम्मं आयुष्य परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारण्यात गेलं. कॉपी करणाऱ्या पोराच्या तोंडाकडे बघायचं नसतं, तोंडं सगळ्यांचीच घाबरलेली असतात. हातांकडे बघायचं. ही सवय घरी आल्यावरही सुटत नाही. आमचे हे म्हणतात, दूधवाल्यानं हसून नमस्कार केला की तू पातेल्यात वाकून बघतेस. बघते. आणि त्या दिवशी दूध पातळच असतं.

त्यामुळे मैत्रिणीनं फोन करून व्हिएतनामला येतेस का म्हणून विचारलं, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की मलाच का? आम्ही दोघी सोनगीरजवळच्या एकाच गावच्या, धुळ्याला कॉलेजात एका बाकावर बसलेल्या. लग्न होऊन मी जळगावात मेहरूणला आले आणि ती रावेरकडे, केळीच्या घरात. सासरे थकल्यापासून बाग तीच बघते. तिला नणंदा आहेत, जावा आहेत, कमावता मुलगा आहे. पाठीवर सॅक टाकून परमुलखात भटकायला त्या सगळ्यांना सोडून माझ्यासारखी कटकटी बाई कशाला?

मी तसं विचारलंही. "काबरं म्हणजे?" ती फोनवर हसली. "चाल, फिरी येऊत."

उन्हाळ्याची सुट्टी होती. जळगाव तव्यासारखं तापलेलं. मी हो म्हटलं, पण शंका मनात ठेवूनच.

व्हिएतनामात उतरल्यापासून मी कोणावरही विश्वास ठेवला नाही. फोनचं कार्ड विकणाऱ्या मुलीनं माझा फोन हातात घेतला तेव्हा मी त्याचं दुसरं टोक धरून उभी राहिले. हॉटेलवाल्यानं पासपोर्ट मागितले तर तो परत देईपर्यंत मी काउंटरपासून हलले नाही. दोन्ही सॅकच्या चेनला लावायला मी घरून छोटी कुलपं आणली होती. विमानतळावर कोणीतरी आपल्या बॅगेत नको ती वस्तू सरकवतं आणि आपण आयुष्यभर परदेशात खडी फोडत बसतो, असले व्हिडिओ मला रोज येत. मैत्रिणीनं पहिल्या दिवशी कुलूप लावून घेतलं आणि वर माझी थट्टाही केली.

खरी फजिती झाली ती माझ्यामुळेच. तिकडच्या झोपून जायच्या बसमध्ये चढताना चपला काढून पिशवीत घालाव्या लागतात. ते मला आधीच खटकलं होतं. अनवाणी माणूस पळू शकत नाही, हा माझा हिशेब. पुढे ड्रायव्हरनं मोठा रस्ता सोडून बारक्या रस्त्याला गाडी घातली, आणि मी आरडाओरडा करून आम्हा दोघींना खाली उतरवलं. तो बिचारा हातवारे करून सांगत होता. मग रस्त्याचं काम दिसलं तेव्हा कळलं, सगळ्याच गाड्या त्या बाजूनं वळवल्या होत्या. पण तोवर आमची बस दिसेनाशी झाली होती. आम्ही दोघी पाठीवर ओझं घेऊन एका पंक्चरच्या दुकानासमोर उन्हात उभ्या.

दुकानातल्या बाईनं खुर्च्या दिल्या, बर्फ घातलेला चहा दिला. मी माझा ग्लास तोंडाला लावला नाही. मैत्रिणीनं स्वतःचा संपवला आणि मग माझाही. "मेले तर एकटी मरीन, तू तर वाचशील," ती म्हणाली. मला हसू आलं नाही.

त्याच बाईनं आम्हाला तिच्या चुलतीकडे पाठवलं. नदीच्या फाट्यावर घर, पाहुण्यांसाठी दोन खोल्या, आणि मागे केळी. पाण्याला लागून केळीच केळी. मैत्रिणीनं सॅक खाली टाकली आणि हातपायही न धुता मागच्या दारानं निघून गेली. मी बॅगा मोजल्या, दाराची कडी तपासली, आणि मग तिला शोधायला गेले. ती एका घडाखाली उभी राहून हातानं केळ्याची जाडी बघत होती. ती म्हातारी चुलती जवळ उभी होती, तिला माझी मैत्रीण खुशाल अक्का म्हणत होती, आणि दोघींचं जमलं होतं. भाषा कुठे आड आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. आमच्याकडे मे महिन्यात येतं तसंच, अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं करणारं. ओसरल्यावर मागे गेलो तर उंच केळी आडव्या झाल्या होत्या. फक्त एका कोपऱ्यातल्या, बुटक्या आणि जाड बुंध्याच्या, जशाच्या तशा उभ्या होत्या. वर घड होते तरी.

"देख वं," मैत्रीण म्हणाली. "एक बी नही पडनं."

उरलेल्या भुरभुर पावसात ती तिथे इतका वेळ उभी राहिली की शेवटी मीच तिला ओढून आणलं. तिच्या बागेचं मी बघितलं आहे. मागच्या उन्हाळ्यात रावेरच्या वादळात तिची अर्धी बाग झोपली होती आणि ती मजुरांबरोबर पडलेले घड गोळा करत होती. त्यामुळे तेव्हा मला तिचा राग आला नाही.

संशय आला तो वादळाच्या दुसऱ्या दिवशी. आम्ही बोटीनं पुढच्या गावी निघालो तेव्हा मी सवयीनं तिची सॅक उचलायला गेले, तर तिनं ती झटकन ओढून घेतली. "राहू दे, मी घेते." एरवी ही बाई स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा माझ्याकडे देते. तिच्या सॅकचं कुलूपही दिसेना. म्हणाली, किल्ली हरवली. मग प्रत्येक मुक्कामी ती माझ्या आधी उठायची आणि बाथरूममध्ये नळ चालू करून बसायची. एकदा बाहेर आली तेव्हा हातातला टॉवेल चिंब होता, तिचे केस मात्र कोरडे.

मी तिच्या तोंडाकडे बघणं सोडलं आणि हातांकडे बघू लागले. नखांत माती. आणि फिकट पिवळ्या कुडत्याच्या बाहीवर काळपट तपकिरी डाग, साबणानं घासूनही न गेलेला. हा डाग आमच्या भागात शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. केळीचा चीक. कपडा फाटतो, हा डाग जात नाही.

ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिची सॅक उघडली. आत टॉवेल होता, टॉवेलात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ओली माती, आणि मातीत केळीचं पिल. मुळ्या छाटलेला, मुठीएवढा कंद, वर कोंबाची हिरवी सुरळी. त्या अक्काकडून मागून घेतलं असणार. आमच्याकडे केळीचं पिल विरजणासारखं मागतात, आणि कोणी नाही म्हणत नाही. तिकडेही म्हणत नसावेत.

मी बॅग होती तशी बंद केली आणि पलंगावर बसून राहिले. विमानतळावर पकडलं तर दोघींची चौकशी, माझी नोकरी, घरच्यांना कळवणं, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. पण खरी भीती पकडलं नाही तर काय, याची होती. परदेशी मातीतून केळीचे असे रोग येतात की एकदा वावरात शिरले की बाग मुळापासून जाते आणि त्या जमिनीत पुन्हा केळी उभी राहत नाही. हे मला माहीत होतं, कारण तिनंच सांगितलं होतं. तिच्या वावराच्या फाटकाशी औषधाच्या पाण्याचं घमेलं असतं. त्यात पाय बुडवल्याशिवाय ती कोणालाही आत सोडत नाही. तिथे तिनं व्याह्यांना थांबवलं होतं. घड भरायला आलेल्या ट्रॅक्टरची चाकं धुऊन घेतली होती. मला माझ्या नव्याकोऱ्या चपलांसकट त्यात उभं केलं होतं. एक पिल तिच्या वावरात लागलं तर तिच्या बांधाशी थांबणार नव्हतं, सगळ्या तालुक्यात गेलं असतं. आणि हे तिच्याहून जास्त कोणाला कळत होतं?

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. इतकी वर्षं मी लोकांची पोरं भर वर्गात उभी केली, कोणाची गय केली नाही. पण ती केस पुसत बाहेर आली, मला म्हणाली, "ठेचा उरलाय का गं डब्यात?" आणि मी उठून डबा पुढे केला. वाटलं, शहाणी बाई आहे, स्वतःच टाकून देईल. मग पुढचे सगळे दिवस मी फक्त पाळत ठेवली. देवळं बघितली, बाजार बघितले, पण खरं सांगायचं तर मी त्या देशात एक सॅक सोडून काही बघितलं नाही. ती नदीकाठी थांबली की वाटायचं, आता टाकेल. ती थांबायची, पाणी बघायची, माझ्याकडे बघायची आणि पुढे चालू लागायची. मला वाटलं, मला कळलंय का याचा अंदाज घेतेय.

परतीच्या दिवशी विमानतळाच्या दाराशी आम्ही रांगेत लागलो. पुढे यंत्रात बॅगा सरकत होत्या. पुढची चार माणसं आत गेली, मग आमची पाळी. मला काय झालं कुणास ठाऊक, माझा परीक्षेतला आवाज आपोआप बाहेर आला.

"काढ ते बाहेर."

आजूबाजूच्या माणसांनी वळून पाहिलं. मैत्रिणीनं "काय?" असं विचारलंसुद्धा नाही. रांगेतून बाहेर पडली, बाहेरच्या फुलांच्या वाफ्याजवळ गेली आणि सॅक उघडली. कोपऱ्यात कचऱ्याचा डबा होता, पण तिचा हात तिकडे जाईना. जिवंत पिल डब्यात टाकणं तिला जमत नव्हतं. तिनं सॅकमधून जेवणाचा स्टीलचा चमचा काढला आणि वाफ्यात खड्डा करू लागली. मी, इतकी रागावलेली, तिच्याशेजारी बसून हातानं माती उपसू लागले.

परक्या देशाच्या विमानतळाबाहेर दोन बायका टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घाईघाईनं पुरताहेत, हे बघून पहारेकरी आला नसता तरच नवल. आधी एक आला, मग त्यानं दुसऱ्याला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातांकडे कोणीतरी तसं बघत होतं. आम्हाला उभं केलं, पासपोर्ट घेतले, दोन्ही सॅक वाफ्याच्या कठड्यावर रिकाम्या करायला लावल्या. ठेच्याचा डबा, कळण्याच्या पिठाची पुडी, आमचे परकर, सगळं उन्हात मांडलं. पिठाची पुडी त्यानं हुंगली. मग काठीनं खड्डा उकरला आणि केळीचं पिल वर आलं. तो कितीतरी वेळ त्याच्याकडे आणि आमच्याकडे बघत होता. मी फोनवर लिहून त्याच्या भाषेत दाखवलं, 'हे आम्हाला घरी न्यायचं नाही.' त्याला ते पटलं असं दिसलं नाही. आणखी दोन-चार प्रश्न विचारून त्यानं पासपोर्ट परत दिले, कोंबाला धरून पिल उचललं आणि निघून गेला. त्याचं त्यानं काय केलं ते आम्हाला कळलं नाही. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती बघत राहिली.

विमानात बसल्यावर तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"डाग दिसला तेव्हाच. सॅकही उघडून पाहिली."

"म्हणजे इतके दिवस माहीत होतं?" तिचा आवाज चढला. मला वाटलं शरमेनं रडेल, ती तर भांडायला उठली. "मग बोलनी काबरं नही?"

"मला वाटलं, तू स्वतःच टाकशील."

"स्वतः टाकणारी असते तर घेतलंच कशाला असतं? रोज तुझ्या तोंडाकडे बघत होते, आता बोलेल, आता बोलेल. नणंद सोबत असती तर तिनं आणखी दोन मागून घेतली असती. पोरगा असता तर लपवून दिलं असतं. केळीच्या मुलखात चाललेय, चांगली केळी दिसली की माझं मन ठिकाणावर राहत नाही, हे मला घरीच माहीत होतं. म्हणून तुला आणलं." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "बठ्ठास्ना पाय मी देखस. मना पाय कोन देखी?"

सगळ्यांचे पाय घमेल्यात बघणाऱ्या बाईनं स्वतःचे पाय बघायला मला आणलं होतं. माझ्या या स्वभावाला घरीदारी सगळे कंटाळलेले. तो कोणाला हवासा वाटेल, कोणी त्याच्या भरवशावर घराबाहेर पडेल, असं माझ्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. आणि जिनं तो भरवसा ठेवला, तिच्याच बाबतीत मी भिडस्त झाले होते. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

मुंबईहून रेल्वेनं जळगावला उतरलो तेव्हा दुपार टळली नव्हती. फलाट भाजत होता. तिचा मुलगा रावेरहून गाडी घेऊन आला होता आणि जिन्यापाशी उभा राहून हात हलवत होता. मला रिक्षानं मेहरूणला जायचं होतं. निरोप घ्यायच्या वेळी तिनं सॅक माझ्या पायांशी ठेवली, सगळ्या चेन उघडल्या आणि बाजूला सरकून उभी राहिली.

मी फलाटावर खाली बसले. येणारे-जाणारे बघत होते. मी तळापर्यंत हात घातला, प्रत्येक कप्पा उलटा केला, कपड्यांच्या घड्या झटकल्या. मातीचा टॉवेल आम्ही तिकडेच टाकला होता. आत काहीच नव्हतं. मी चेन लावल्या आणि उठताना माझी नजर तिच्या पायांकडे गेली. चपलांच्या तळाच्या खाचांत त्या नदीकाठचा चिखल वाळून बसला होता.

"चपला," मी म्हटलं.

तिनं खाली पाहिलं. चपला काढून माझ्या हातात दिल्या, सॅक खांद्यावर टाकली आणि त्या तापलेल्या फलाटावरून पाय उचलत उचलत, अनवाणी, मुलाकडे गेली.